सर्व्हो नियंत्रणाचा आवर्तन दर

संगणकीय अंकीय नियंत्रण (सीएनसी) असलेल्या यांत्रिक हत्याराच्या प्रत्येक अक्षाची स्थिती मोजणे, ती अपेक्षित स्थितीशी ताडून पाहणे आणि दोहोंतील फरकानुसार चलित्राला नवा आदेश देणे, या क्रियांचे एक आवर्तन नियंत्रक ठराविक कालांतराने पुनःपुन्हा पार पाडतो. एका सेकंदात होणाऱ्या अशा आवर्तनांच्या संख्येला आवर्तन दर आणि लागोपाठच्या दोन आवर्तनांमधील कालावधीला आवर्तनकाल म्हणतात. आवर्तनकाल १ मिलिसेकंद असल्यास आवर्तन दर सेकंदाला १,००० इतका असतो. हा दर जितका जास्त तितके यंत्र अधिक अचूक, अशी समजूत पुष्कळदा आढळते. परंतु ती अंशतःच खरी आहे. दर वाढविल्याने नियंत्रणातील विलंब घटतो. विलंब घटल्याने यंत्र अस्थिर न होता नियंत्रकाचा जोर वाढविता येतो आणि हा जोर वाढल्यानेच त्रुटी कमी होते. या साखळीतील एखादा दुवा निसटला, तर दर वाढवूनही काही साधत नाही. काही वेळा यंत्राचे वर्तन पूर्वीपेक्षा बिघडते.

इतिहास : आपल्याच कार्याचा परिणाम मोजून त्यानुसार कार्यात दुरुस्ती करणे, म्हणजेच प्रतिसंभरण, हे तत्त्व वाफेच्या एंजिनाच्या गतिनियंत्रकात फार पूर्वीपासून वापरात होते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये अशा नियंत्रकांच्या स्थिरतेचे गणितीय विवेचन केले. निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजाच्या सुकाणूच्या स्वयंचलित नियंत्रणाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये प्रतिसंभरण असलेल्या प्रवर्धकांच्या स्थिरतेची कसोटी मांडली, तर हॅरल्ड हेझन यांनी १९३४ मध्ये सर्व्होयंत्रणांची उपपत्ती मांडली. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेत जॉन पार्सन्झ यांच्या कल्पनेतून उद्‌भवलेल्या व अमेरिकन हवाई दलाचा पाठिंबा लाभलेल्या प्रकल्पातून अंकीय नियंत्रणाचे चक्री कर्तन यंत्र तयार झाले व १९५२ मध्ये त्याचे प्रात्यक्षिक करण्यात आले. या यंत्राला आदेश छिद्रित फितीवरून मिळत.

सुरुवातीच्या काळात चलित्राच्या वेगाचे नियंत्रण सदृश विद्युत् मंडलांनी होत असे. अशा मंडलातून विद्युत् प्रवाह अखंडपणे वाहता राहतो, त्यामुळे त्यात आवर्तन दराचा प्रश्नच उद्‌भवत नव्हता. १९७१ नंतर सूक्ष्मप्रक्रियक उपलब्ध झाले व नियंत्रणाचे गणित संगणक करू लागला. संगणकाला स्थिती वाचण्यास, आकडेमोड करण्यास व आदेश देण्यास वेळ लागतो. मधल्या काळात तो यंत्राकडे पाहत नाही. अखंड नियंत्रणाच्या जागी अशा रीतीने खंडित नियंत्रण आले आणि त्याबरोबरच आवर्तन दर किती असावा, हा प्रश्न पुढे आला. एलएम ६२८ या गतिनियंत्रक चिपचा आवर्तनकाल ८ मेगॅहर्ट्‌झच्या कालदर्शक स्पंदांवर २५६ मायक्रोसेकंद होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रविद्या संस्थेत १९९० नंतरच्या दशकात विकसित झालेल्या व २०११ मध्ये लिनक्ससीएनसी हे नाव मिळालेल्या मुक्त आज्ञावलीत सर्व्होचा आवर्तनकाल सामान्यतः १ मिलिसेकंद ठेवलेला असतो. नियंत्रक व चालक परिपथ यांना जोडण्यासाठी सर्कोस (१९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य) व इथरकॅट (२००३) यांसारख्या अंकीय जोडण्या पुढे प्रचारात आल्या. त्यांनी एका मिलिसेकंदाहून पुष्कळ कमी आवर्तनकालही शक्य केला.

रचना : सर्व्होने चालणाऱ्या अक्षात सामान्यतः एकात एक बसविलेली तीन नियंत्रण वलये असतात. सर्वांत आतील वलय चलित्रातील विद्युत् प्रवाहाचे, म्हणजे पर्यायाने चलित्राच्या पीळ देणाऱ्या प्रेरणेचे, नियंत्रण करते. मधले वलय वेगाचे व सर्वांत बाहेरचे वलय स्थितीचे नियंत्रण करते. बाहेरच्या वलयाने दिलेला आदेश आतील वलयाने तत्परतेने पाळला तरच बाहेरचे वलय नीट काम करू शकते. त्यामुळे आतील वलय बाहेरच्यापेक्षा कित्येक पटींनी जलद असावे लागते. पुष्कळ यंत्रांत प्रवाहाच्या वलयाचा आवर्तनकाल सु. ६० ते १२५ मायक्रोसेकंद, वेगाच्या वलयाचा १२५ ते २५० मायक्रोसेकंद आणि स्थितीच्या वलयाचा ०.५ ते २ मिलिसेकंद असतो. आतील दोन वलये बहुधा चालक परिपथातच असतात. स्थितीचे वलय कधी चालकात, तर कधी मुख्य नियंत्रकात असते. आवर्तन दराचा विचार करताना तो कोणत्या वलयाचा आहे, हे प्रथम स्पष्ट असावे लागते.

नियंत्रकाचा आदेश सामान्यतः तीन पदांच्या बेरजेने ठरतो : त्रुटीच्या प्रमाणात असणारे समानुपाती पद, साचत गेलेल्या त्रुटीच्या प्रमाणात असणारे समाकल पद आणि त्रुटी बदलण्याच्या त्वरेच्या प्रमाणात असणारे अवकल पद. प्रत्येक पदाला ज्या गुणकाने गुणतात त्याला लाभांक म्हणतात. लाभांक यंत्राला साजेसे ठरविण्याच्या क्रियेला मेळन म्हणतात; कारखान्यात ‘ट्यूनिंग’ हा शब्द रूढ आहे. जॉन झीग्लर व नॅथॅन्येल निकल्स यांनी १९४२ मध्ये सुचविलेली मेळनाची पद्धत प्रसिद्ध आहे. मात्र त्या पद्धतीत वलय आंदोलनाच्या काठापर्यंत न्यावे लागत असल्याने जड अक्षावर ती जपूनच वापरावी लागते.

विलंब व स्थिरता : एकदा दिलेला आदेश पुढील आवर्तनापर्यंत तसाच राहतो, त्यामुळे सरासरीने अर्ध्या आवर्तनकालाचा विलंब होतो. वाचलेल्या स्थितीवरून काढलेला आदेश पुढील आवर्तनाच्या आरंभी बाहेर जात असेल, तर त्यात आणखी एका आवर्तनकालाची भर पडते. एकूण विलंब अशा प्रकारे आवर्तनकालाच्या सु. दीडपट होतो. अक्ष कंप पावू लागला असता ही दुरुस्ती उशिरा पोहोचते. उशीर फार झाल्यास कंपन शमविण्याऐवजी दुरुस्ती त्याला जोर देते. झोका परत फिरल्यावरही जुन्याच दिशेने ढकलणाऱ्या माणसासारखी नियंत्रकाची स्थिती होते.

हा उशीर कंपनाच्या एका फेऱ्याचा अंश म्हणून अंशांत मोजतात व त्याला कलापश्चता म्हणतात. एक पूर्ण फेरा म्हणजे ३६० अंश. सेकंदाला ५० कंपनांच्या (५० हर्ट्‌झ) कंप्रतेला केवळ आवर्तनकालामुळे येणारी कलापश्चता पुढील कोष्टकात दिली आहे.

कोष्टक : आवर्तनकाल व कलापश्चता (५० हर्ट्‌झ)

| आवर्तनकाल (मिलिसेकंद) | आवर्तन दर (दर सेकंदास) | कलापश्चता (अंश) |
|---|---|---|
| २ | ५०० | ५४ |
| १ | १,००० | २७ |
| ०.५ | २,००० | १३.५ |
| ०.२५ | ४,००० | ६.८ |
| ०.१२५ | ८,००० | ३.४ |

वलय सुस्थिर राहण्यासाठी अस्थिरतेच्या सीमेपासून साधारणपणे ४५ ते ६० अंशांचे अंतर राखतात. चलित्र, प्रवर्धक व गाळण्या यांच्यामुळे यातील काही भाग आधीच खर्ची पडलेला असतो. आवर्तनकाल २ वरून १ मिलिसेकंदावर आणल्यास २७ अंश वाचतात व ही बचत मोठी आहे. तो ०.२५ वरून ०.१२५ मिलिसेकंदावर आणल्यास मात्र केवळ ३.४ अंश वाचतात. दोन्ही वेळा दर दुप्पटच झाला, तरी मिळणारा फायदा सारखा नाही.

बाहेरच्या वलयाच्या बाबतीत तर प्रश्न आणखी सौम्य असतो. वेगाचे वलय चालकातच मिटविले असेल आणि स्थितीच्या वलयाचा लाभांक दर सेकंदास ५० असेल, तर त्या वलयाला सु. ८ हर्ट्‌झपर्यंतच प्रतिसाद द्यावयाचा असतो. त्या कंप्रतेला १ मिलिसेकंदाच्या आवर्तनकालामुळे फक्त ४.३ अंशांची कलापश्चता येते. अशा यंत्राला सेकंदाला १,००० आवर्तने पुरेशी ठरतात. तोच नियंत्रक चलित्राच्या पीळप्रेरणेला थेट आदेश देत असेल, तर वेगाच्या वलयाचे कामही त्यालाच करावे लागते व १ मिलिसेकंद हा काळ अपुरा पडू लागतो. एका यंत्रावर समाधानकारक ठरलेला दर दुसऱ्या यंत्रावर का चालत नाही, याचे उत्तर पुष्कळदा या फरकात असते.

अचूकतेशी संबंध : मिनिटाला ६ मीटर या सरकवेगाने अक्ष १ मिलिसेकंदात ०.१ मिमी. पुढे जातो. यावरून कार्यवस्तूवर ०.१ मिमी. इतकी त्रुटी येईल असे वाटणे स्वाभाविक आहे, पण तसे घडत नाही. वर्तुळाकार मार्ग ०.१ मिमी. लांबीच्या जीवांनी रेखाटला आणि वर्तुळाची त्रिज्या १० मिमी. असली, तर जीवा व कंस यांतील कमाल अंतर केवळ ०.०००१२५ मिमी. भरते. सर्वसाधारण कामात ही त्रुटी नगण्य आहे.

महत्त्वाची त्रुटी वेगळ्या कारणाने येते. अक्ष नेहमी आदेशाच्या मागे राहतो व हे मागे राहणे स्थिर वेगाला पुढील सूत्राने मिळते :

अनुसरण त्रुटी = वेग ÷ स्थिती-वलयाचा लाभांक

वेग सेकंदाला १०० मिमी. (मिनिटाला ६ मीटर) व लाभांक दर सेकंदास ५० असल्यास अक्ष २ मिमी. मागे राहतो. सरळ रेषेत दोन्ही अक्ष सारख्याच प्रमाणात मागे राहिले, तर मार्ग बिघडत नाही. वर्तुळावर मात्र यंत्र आतल्या बाजूने जाते. वरील वेगाने ५० मिमी. त्रिज्येचे वर्तुळ कापताना त्रिज्या सु. ०.०४ मिमी.ने कमी भरते. बेअरिंग बसविण्याच्या छिद्राच्या दृष्टीने ही त्रुटी फार मोठी आहे. लाभांक दर सेकंदास १०० केल्यास ती सु. ०.०१ मिमी.वर, म्हणजे चौथ्या हिश्श्यावर, येते. दोन अक्षांचे लाभांक असमान असल्यास वर्तुळाचे लंबवर्तुळ होते व तिरकी रेषाही मार्गापासून ढळते. वेगाचा आदेश आगाऊ पुरविण्याच्या अग्रसंभरण या उपायानेही अनुसरण त्रुटी पुष्कळ कमी करता येते. थोडक्यात, आवर्तन दर स्वतः त्रुटी घटवीत नाही. ज्या लाभांकामुळे ती घटते तो सुस्थिरपणे वाढविण्यास तो वाव देतो.

दर वाढविण्याच्या मर्यादा : पहिली मर्यादा मापनाची आहे. चलित्राच्या दंडावरील एन्कोडर एका फेऱ्यात १०,००० स्पंद देत असेल व स्क्रूचा अंतराल १० मिमी. असेल, तर एक स्पंद म्हणजे ०.००१ मिमी. (१ मायक्रॉन) सरक होय. दोन आवर्तनांतील स्पंदांच्या फरकावरून वेग काढला, तर १ मिलिसेकंद आवर्तनकालात एका स्पंदाचा अर्थ मिनिटाला ६० मिमी. असा होतो; ०.१ मिलिसेकंदात तोच मिनिटाला ६०० मिमी. होतो. अंतिम कर्तनाचा सरकवेग मिनिटाला ३०० मिमी. असेल, तर पहिल्या स्थितीत दर आवर्तनाला ५ स्पंद मिळतात. दुसऱ्या स्थितीत कधी एक स्पंद मिळतो, कधी एकही मिळत नाही. प्रत्यक्षात अक्ष एकसारखा चालत असूनही नियंत्रकाला वेग कधी शून्य व कधी ६०० भासतो. अवकल पद हे चढउतार आणखी वाढविते. चलित्र गुणगुणते व तापते, तसेच कापलेल्या पृष्ठावर बारीक रेषा उमटतात. अधिक स्पंद देणारा एन्कोडर वापरणे, दोन स्पंदांमधील काळ मोजून त्यावरून वेग काढणे किंवा वेग काही आवर्तनांवर सरासरीने काढणे, हे यावरील उपाय होत. एलएम ६२८ मध्ये अवकल पदाचा नमुनाकाल मुख्य आवर्तनकालाच्या पटीत वेगळा ठरविण्याची सोय याच हेतूने होती. सरासरी किंवा गाळणी वापरल्यास मात्र दर वाढवून वाचविलेला विलंब काही अंशी परत येतो.

दुसरी मर्यादा आवर्तनांच्या अनियमिततेची आहे. आवर्तनकाल १ मिलिसेकंद ठरविलेला असताना प्रत्यक्षात तो ५० मायक्रोसेकंदांनी पुढेमागे होत असेल, तर काढलेल्या वेगात ५ टक्क्यांपर्यंत खोटा फरक दिसतो. तेवढीच अनियमितता ०.२५ मिलिसेकंदाच्या आवर्तनकालात २० टक्के होते. सर्वसाधारण संगणक इतर कामांत गुंतत असल्याने त्यावर वास्तवकालिक कार्यप्रणाली वापरावी लागते. आवर्तनकाल ठरविण्यापूर्वी संगणकावर भरपूर ताण देऊन हा विलंब दीर्घकाळ मोजतात व सरासरीऐवजी आढळलेली कमाल किंमत हिशेबात घेतात.

तिसरी मर्यादा यंत्राच्या घडणीची आहे. स्क्रू, कपलिंग, बेअरिंग व सरकता पाट यांची मिळून एक स्वाभाविक कंप्रता असते. लाभांक वाढवीत नेल्यास वलय या कंप्रतेला अनुस्पंदन निर्माण करते. सैल कपलिंग किंवा झिजलेल्या स्क्रूमधील ढिलाई (कारखान्यात रूढ शब्द बॅकलॅश) कोणत्याही आवर्तन दराने दूर होत नाही. उलट, दर फारच कमी असल्यास उच्च कंप्रतेचे कंपन फसव्या रूपात दिसते. सेकंदाला १,००० वेळा वाचन करणाऱ्या नियंत्रकाला ९०० हर्ट्‌झचे कंपन १०० हर्ट्‌झचे भासते व नसलेल्या कंपनाच्या पाठीमागे तो धावू लागतो.

यांशिवाय साखळीतील सर्वांत मंद दुवा लक्षात घ्यावा लागतो. नियंत्रक ०.२५ मिलिसेकंदाने गणित करीत असला, पण जोडणीतून चालकाला आदेश १ मिलिसेकंदानेच पोहोचत असला, तर अधिकची आवर्तने वाया जातात.

दराची निवड व मेळन : वलयाला ज्या कमाल कंप्रतेपर्यंत प्रतिसाद द्यावयाचा असतो तिच्या २० ते ४० पट आवर्तन दर ठेवणे हा सर्वमान्य ठोकताळा आहे. वेगाच्या वलयाचा प्रतिसाद ६० हर्ट्‌झपर्यंत हवा असल्यास दर सेकंदाला १,२०० ते २,४०० आवर्तने पुरतात. स्क्रूविना थेट पाट हलविणाऱ्या रेषीय चलित्रात हीच मर्यादा २०० हर्ट्‌झ असल्यास ४,००० ते ८,००० आवर्तने लागतात.

मेळनाचा आरंभ यंत्राच्या तपासणीने होतो. वंगण, कपलिंगची पकड, स्क्रूमधील ढिलाई व सीमास्विचे पाहून घेतात. संकट-थांबा कार्यक्षम असल्याची खात्री करतात व अनुसरण त्रुटीची मर्यादा अशी ठरवितात की, वलय अस्थिर होताच यंत्र आपोआप थांबावे. चलित्राचा प्रवाह आरंभी कमी ठेवतात. यानंतर प्रवाह, वेग व स्थिती या क्रमाने आतून बाहेर मेळन करतात. प्रत्येक वलयात समानुपाती लाभांक हळूहळू वाढवीत नेऊन आंदोलनाची चाहूल लागताच पुरेसा मागे घेतात. संदमनासाठी अवकल पद व उरलेली स्थिर त्रुटी घालविण्यासाठी समाकल पद अखेरीस व बेताने वाढवितात. हे काम पाटावर नेहमीचे वजन ठेवून करतात, कारण वजनाबरोबर निरूढी बदलते.

चालू यंत्राचा आवर्तन दर बदलताना विशेष दक्षता लागते. काही नियंत्रकांत लाभांक सेकंदावर आधारलेले नसून प्रत्येक आवर्तनावर आधारलेले असतात. अशा नियंत्रकात आवर्तनकाल १ वरून ०.५ मिलिसेकंद केल्यास सेकंदाला दुप्पट वेळा बेरीज झाल्याने समाकल पदाचा प्रभाव दुप्पट होतो, तर दोन आवर्तनांतील फरक निम्मा झाल्याने अवकल पदाचा प्रभाव निम्मा होतो. म्हणजे आंदोलनाला उत्तेजन देणारे पद वाढते आणि ते शमविणारे पद घटते. काल शांतपणे चालणारे यंत्र आज केवळ दर वाढविल्यावर थरथरू लागते. अशा वेळी समाकल लाभांक निम्मा व अवकल लाभांक दुप्पट केल्यास पूर्वीची स्थिती येते व त्यानंतरच नव्या दराचा फायदा घेण्यासाठी पुढील मेळन करता येते. लाभांक सेकंदावर आधारलेले असल्यास हे रूपांतर नियंत्रकच करतो.

परीक्षण : मेळनाची कसोटी त्रुटीच्या आलेखावरून घेतात. अक्षाला अचानक उडी, स्थिर वेगाची धाव व दिशाबदल असे आदेश देऊन त्रुटी किती वाढते व किती वेळात शमते, हे पाहतात. दिशा बदलतानाची उसळी घर्षण व ढिलाई दर्शविते, तर धावेतील सम त्रुटी लाभांक किंवा अग्रसंभरण अपुरे असल्याचे सुचविते. दोन अक्षांच्या एकत्रित परीक्षणासाठी वर्तुळ-चाचणी करतात. तीसाठी जेम्स ब्रायन यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या, दोन टोकांना गोळे असलेल्या लांबमाप दांडीवर आधारित उपकरण सर्वत्र वापरात आहे. यंत्र वर्तुळाकार फिरत असता दांडीच्या लांबीतील बदल नोंदला जातो. एकच वर्तुळ कमी व जास्त अशा दोन वेगांनी फिरविल्यास दोष वेगळे ओळखता येतात : वेगाबरोबर वाढणारी त्रुटी सर्व्होची असते व दोन्ही वेगांना सारखी राहणारी त्रुटी मुख्यतः यंत्राच्या भूमितीची असते. पहिलीवर आवर्तन दर व लाभांक यांचा इलाज चालतो. दुसरीसाठी यंत्राची यांत्रिक दुरुस्ती किंवा तिच्या मापानुसार नियंत्रकात भरपाई करावी लागते.

जुन्या यंत्रांचा सांगाडा कायम ठेवून त्यांवर नवे नियंत्रक बसविण्याचे काम लहान कारखान्यांतही होते. अशा ठिकाणी नियंत्रकाच्या माहितीपत्रकातील मोठा आवर्तन दर पाहून खर्च करण्यापूर्वी वेगाचे वलय कोठे मिटते, एन्कोडर किती बारीक मोजतो व सांगाड्याची स्वाभाविक कंप्रता किती आहे, या तीन गोष्टी तपासणे हिताचे असते. उपयोगी पडणारा दर या तीन गोष्टींवरून ठरतो. त्यापलीकडे वाढविलेल्या दराने कार्यवस्तूच्या मापात सुधारणा होत नाही.